गाडीचं दावं

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, १५ मे २०१६

चिरंजीव रामप्रसाद यास,

मोठ्या भावाचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथं सगळे हयात आहोत, आणि मे महिन्यात एवढं कळवलं म्हणजे खुशाली कळवल्यासारखीच आहे. तुझी तब्येत, झोप, जेवणाची सोय आणि साहेबाचा स्वभाव हे चारही ठीक असावेत. तुझी वहिनी मंजुळा बरी आहे (असं तिनंच लिहायला सांगितलं, म्हणाली, बाकी माझ्याबद्दल काही लिहू नका). ज्ञानेश्वरी बारावीच्या निकालाची वाट बघते आहे आणि तोवर आम्हा सगळ्यांच्या चुका काढते आहे. पाणी आठ दिवसांनी येतं, तेही टँकरनं. नळाची लाईन आमच्या प्लॉटिंगपर्यंत यायची आहे. ती येणार असल्याचा बोर्ड मात्र वेळेत आला. तू मस्कतच्या वाळवंटात राहतोस आणि तुझ्या नळाला चोवीस तास पाणी असतं, हे मी आबांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांना वाटतं, आपल्या जिवाला घोर नको म्हणून पोरगं खोटं बोलतंय.

परवा फोनवर तू विचारलंस, दादा, इथं जुनी गाडी घ्यायचं चाललंय, तू घेतलीस तेव्हा काय काय बघितलंस? मी म्हणालो, पत्रानं कळवतो, आणि तू हसलास. हसू नकोस. आपल्या घरात मोबाइलला रेंज फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते. तिथं बोललेलं स्वयंपाकघरात मंजुळाला, ओट्यावर आबांना आणि शेजारच्या गच्चीवर मालनबाईंना एकाच वेळी ऐकू जातं. (मालनबाई तू पाहिलेल्या नाहीत. टँकर आला की रांगेचा कारभार त्यांच्याकडे असतो आणि टँकर नसला की गल्लीचा.) मला जे सांगायचं आहे ते या तिघांपैकी एकाच्याही कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून वहीची मधली पानं काढून बसलो आहे. गाडीविषयी बघावं तेवढं मी बघितलं आहे आणि बघायला नको तेही बघितलं आहे, तेव्हा सावकाश वाच.

गाडी का घेतली तिथून सुरुवात करतो. पिशोरची मेंढरं मोडून, अजून कळप राखणाऱ्या पुंडलिकच्या हवाली केली, तू विमानात बसलास आणि आबा माझ्याकडं आले, त्याला आता दोन वर्षं होतील. आल्या दिवशी त्यांनी आपलं गाठोडं दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. त्यात घोंगडी, लोकर कातरायची कातर, शेवटच्या कातरणीची ओंजळभर काळी लोकर आणि एक जादा धोतर आहे. ते गाठोडं त्यांनी सोडलंच नाही. दर दोन-तीन दिवसांनी म्हणायचे, "म्या जातो उद्या गावाकडं." गावाकडं काय आहे ते तुला माहीत आहे. विहिरीच्या तळात भेगा आहेत, आपली आळी निम्मी कुलपात आहे, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी तांब्याभर पाणी विचारील असं घर उरलेलं नाही. पण इथं तरी त्यांना काय होतं? सकाळी मी कंपनीच्या बसनं जायचो, मंजुळा शाळेत खिचडी शिजवायला जायची, पोरगी कॉलेजात, आणि आबा ओट्यावर बसून समोरच्या बांधकामाच्या विटा मोजायचे. जेवण अर्ध्यावर आलं होतं. मला रोज कंपनीतून येताना एकच भीती असायची, की आज खिळा रिकामा दिसेल. तेव्हा मी असा हिशेब केला की दारात गाडी असली तर आबांना रविवारी पिशोरला नेऊन संध्याकाळी परत आणता येईल, आणि गाठोडं आपोआप सुटेल. हिशेबात काही चूक नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

मग आम्ही बापलेक जालना रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत फिरायला लागलो. गाडीतलं मला काही कळत नाही आणि आबांना जनावरातलं सगळं कळतं, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. खरं तर त्यांना घराबाहेर काढायचं होतं, पण त्यांनी काम मनावर घेतलं. टायर अंगठ्यानं दाबून बघायचे (खूर). दिव्यांच्या काचांत वाकून बघायचे (डोळे). मागं जाऊन धुराच्या नळीला नाक लावायचे, आणि मग हात पाठीशी बांधून दहा पावलं लांब उभे राहायचे, कारण लांबून बघितल्याशिवाय ठेवण कळत नाही. एवढं झाल्यावर दुकानदाराला एकच प्रश्न: "ही इकायला का काढली?" बाजारात हाच पहिला प्रश्न असतो, हे तुला सांगायला नको. पहिल्या दुकानदारानं सांगितलं, "चाचा, डॉक्टरीणबाई की गाडी है. घर से दवाखाना, दवाखाने से घर." दुसऱ्या दुकानातली गाडीसुद्धा डॉक्टरीणबाईंचीच निघाली. चौथ्या दुकानापर्यंत मला कुतूहल वाटायला लागलं, की या शहरात इतक्या डॉक्टरीणबाई असताना दवाखान्यात रांगा कशाला लागतात, आणि या सगळ्या बायांनी एकदम गाड्या विकून चालायला का घेतलं असेल. आबांना डॉक्टरीणबाईंबद्दल काही म्हणायचं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की हे सगळे हेडी आहेत, मधले दलाल, जनावर ज्याच्या दारात वाढलं त्याच्याकडूनच घ्यायचं.

असं दार आम्हाला सिडकोत सापडलं. किराणा दुकानाच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद होता: 'घरची गाडी विकणे आहे. सांभाळणाऱ्यानेच यावे.' गाडी काकासाहेब नावाच्या एका वयस्कर शेतकऱ्याची. बायपासच्या पलीकडं त्यांची अकरा एकर जमीन होती, आता तीन राहिली आहे. मुलं नोकरीला लागली आणि त्यांनी बापाला सिडकोतल्या बंगल्यात आणून ठेवलं. गाडी पांढरी, चौकोनी, अठरा वर्षांची, आणि उन्हाचा त्रास नको म्हणून तिच्या पाठीवर गोधडी घातलेली. आबांनी गोधडी बघितली आणि खूर-डोळे काही तपासलेच नाहीत. सरळ विचारलं, इकायला का काढली? काकासाहेबांनी मुलाकडं, सत्यमकडं, बघितलं, मग गाडीकडं बघितलं आणि रुमाल काढून डोळे पुसले. आबांनी माझा हात दाबला. विकताना धन्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे जनावर बिनखोडीचं, हे तर तू लहानपणापासून ऐकलं आहेस. (ते पाणी कसलं होतं हे आम्हाला दीड महिन्यानं कळलं. पण गाडी खरोखर बिनखोडीची निघाली, त्यामुळे परीक्षा चुकली असंही म्हणता येत नाही.)

पुढचा सौदा तू बघायला हवा होतास. सोफे, काचेचं टेबल, भिंतीवर टीव्ही, आणि आबांनी खांद्यावरचा पंचा काढून काकासाहेबांच्या हातावर टाकला. भाव तोंडानं बोलायचा नाही, पंच्याखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा, ही रीत काकासाहेबांनाही ठाऊक. त्यांनी जन्मभर बैलं घेतलेली. दोन म्हातारे एकमेकांकडं न बघता बोटं दाबत बसले. आबा नाही म्हणून मान हलवायचे, ते छातीवर हात ठेवायचे. सत्यम 'किती? पण किती?' असं विचारत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. मलाही गाडीचा भाव गाडी आपली झाल्यावर कळला. आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. काकासाहेबांनी दोन चाव्या टेबलावर ठेवल्या. आबांनी खिशातून काळ्या लोकरीची वळलेली दोरी काढली, एका चावीला बांधली, आणि दुसरी चावी परत सरकवली. म्हणाले, "दावं धन्याकडं ऱ्हाऊ द्या." जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, विकणाऱ्यानं आपलं सोडून घ्यायचं आणि घेणाऱ्यानं आपलं आणायचं, हे जनावराच्या बाबतीत मला मान्य आहे. दुसऱ्याचं दावं आणलं तर त्याच्या गोठ्याची बरकत ओढून आणल्यासारखं होतं. पण चावी म्हणजे दावं नव्हे, हे मी सांगणार तोच काकासाहेबांनी ती चावी उचलून बंडीच्या आतल्या खिशात घातली. "बराबर हाय," असं म्हणाले. सत्यम म्हणाला, "अहो, पण..." आणि मीही मनात तेच म्हणालो.

गाडी काकासाहेबांनीच चालवत आपल्या दारात आणून दिली. आबा पुढं बसले होते, मी मागं, आणि सत्यम मोटरसायकलवर आमच्या मागून तोंड पाडून येत होता. मंजुळानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. चाकांवर पाणी घालायचं तर टँकर येऊन सहा दिवस झालेले, म्हणून अर्धा पेला चार चाकांत वाटून घातला. आता गाडी दारात आली म्हणजे रविवारी पिशोरला जायला हवं होतं. पण पहिल्या रविवारी ऊन फार होतं. दुसऱ्या रविवारी टँकर आला. तिसऱ्या रविवारी मला चाकात हवा कमी वाटली. मी कंपनीच्या बसनंच जात असल्यामुळं गाडीला रोजचं कामही नव्हतं. आबांनी मात्र एकदाही विचारलं नाही, की कधी न्यायचं. मला ते त्यांच्या समजूतदारपणाचं लक्षण वाटलं आणि मनातून बरंही वाटलं.

आता नीट लक्ष देऊन वाच. आपली गाडी रेल्वे फाटकाकडं तोंड करून उभी असते. एका गुरुवारी मी कंपनीतून आलो तर तिचं तोंड उलट्या बाजूला होतं. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. ज्ञानेश्वरीला विचारलं, तर ती म्हणाली, पप्पा, तुम्हाला ऊन लागलंय. पुढच्या गुरुवारी गाडी धुतलेली निघाली. रामप्रसाद, तुला मस्कतमध्ये बसून याचा अर्थ कळणार नाही. ज्या गल्लीत भांडी राखेनं घासतात आणि अंघोळीचं पाणी संडासाला वापरतात, तिथं माझी गाडी काचा-चाकांसकट लखलखत उभी होती. मालनबाईंनी गच्चीवरून विचारलं, "अजिनाथ, अंघोळ कुनाकुनाला घालता आजकाल?" सगळी गल्ली बाहेर आली. मी पोरीची शपथ घेतली, टाकी उघडून दाखवली, तरी आठ दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. आणि गंमत बघ, त्याच्या पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा धुतलेली, आणि मालनबाई गप्प. नुसत्या गप्प नाहीत, माझ्याकडं बघून हसल्या. त्यांच्या दारात दोन कॅन भरून ठेवलेले होते आणि टँकर तर आलेला नव्हता. मला कोडं सुटेना. कामावर मशीनचं बटण दाबताना तेच डोक्यात. शेवटी रविवारी मागची सीट उचलून बघितली, आणि तिथं एक लेंडी सापडली. मी ती हातात घेतली. (हसू नकोस म्हणालो ना.) शेळीची नव्हती, मेंढीची होती, दोन-तीन दिवसांपेक्षा जुनी नव्हती, आणि त्या मेंढीनं बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या होत्या. इतकं मला कळलं. पण ती मेंढी माझ्या गाडीत कशाला बसली होती हे कळेना. मी गाठोड्याकडं बघितलं. खिळ्यावरच होतं, पण गाठ सैल झाली होती, आणि माझ्या ध्यानात आलं की 'म्या जातो उद्या' हे वाक्य मी तीन आठवड्यांत ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात अठ्ठावीस तारखेच्या गुरुवारी मी डबा घेऊन नेहमीसारखा निघालो आणि कंपनीत न जाता मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो. अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीमागं उभा राहिलो. साडेअकराला एक रिक्षा थांबली आणि त्यातून काकासाहेब उतरले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून चावी काढली. आपल्या घरातून आबा बाहेर आले. स्वच्छ धोतर, डोक्याला लाल पटका, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. मालनबाईंनी गच्चीवरून दोन रिकामे कॅन खाली दिले, ते डिकीत गेले, आणि गाडी निघाली. मी धावत जाऊन काकासाहेबांनी सोडलेलीच रिक्षा पकडली आणि म्हणालो, त्या पांढऱ्या गाडीच्या मागं चल. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, ये तो बैलगाडी से भी हल्लू जा रही. मैं पैदल चलूं क्या?" खरंच ती बैलगाडीच्या चालीनं जात होती, आणि का ते लगेच कळलं. काकासाहेबांना समोरचं नीट दिसत नव्हतं. आबांनी खिडकीतून काठी बाहेर काढली होती आणि मेंढरं वळवतात तसं ते सगळा रस्ता वळवत होते. "डावीकडं म्हस हाय... आता सरळ... हुर्र, हुर्र, ए पोरी, बाजूला हो!" मी रिक्षाचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. माणसं मात्र हसत बाजूला होत होती. जालना रोडवर कुणी मोठ्या गाडीला अशी वाट दिलेली मी बघितली नाही.

बायपास ओलांडल्यावर गाडी डावीकडं वळली. तिथं सगळीकडं पांढरे रंगवलेले दगड रोवले आहेत, नंबर घातले आहेत, आणि मधोमध 'स्वप्नातील घर, आजच बुकिंग' असा मोठा बोर्ड आहे. काकासाहेबांची उरलेली तीन एकरं तीच. मी बोर्डाच्या मागं बसलो. विहिरीला अजून थोडं पाणी आहे. आणि विहिरीजवळ शंभरेक मेंढरं बसवलेली होती, शेजारी पुंडलिक उभा. तूच विचार कर, रामप्रसाद, जिथं दिवाळीत पाया खणणार आहेत त्या जमिनीत काकासाहेबांनी खतासाठी मेंढरं बसवली होती! सौदा झाला त्या दिवशी आबांनी आपली मेंढरं पुंडलिककडं गेल्याचं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी निरोप पाठवून पुंडलिकला बोलावून घेतलं असणार. आबा गाडीतून उतरले आणि त्यांनी ती जुनी हाळी घातली. शंभर मेंढरांतून एक म्हातारी मेंढी उठली आणि चालत आली. बुगडी. आपली बुगडी, एका कानाची. तिनं आबांच्या धोतरात तोंड घातलं. आबांनी तिचं कोकरू उचललं, गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, दार लावलं, आणि काकासाहेबांनी त्या कोकराला शेताभोवती एक चक्कर मारून आणली. (मागच्या लेंडीचा उलगडा झाला.) मग दोघांनी विहिरीचं पाणी शेंदून गाडी धुतली, कॅन भरले आणि भाकरी खाल्ली. आबा हसत होते. मोठ्यानं, मान मागं टाकून. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता आणि तो मी विसरलो होतो याची मला लाज वाटली. मी बोर्डामागं बसून रडलो, हे तुला लिहायला मला काही वाटत नाही. मग गुपचूप रिक्षात बसून परत आलो आणि नेहमीच्या वेळी डबा घेऊन घरात शिरलो.

तर जुनी गाडी घेताना काय बघावं, हे तुला कळलं असेल. डॉक्टरीणबाईंच्या गाडीपासून लांब राहा (तिकडंही असतील). का विकतोस ते विचार, आणि उत्तरापेक्षा तोंडाकडं बघ. बाकी इंजिन, कागदपत्रं वगैरे तुझ्या कंपनीतला कुणी जाणकार बघेल. मंजुळानं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, येणारा-जाणारा कुणी असेल तर कळव. उन्हात डोक्याला फडकं बांधत जा. फोनवर यातलं एक अक्षर बोलू नकोस.

तुझा दादा,
अजिनाथ

ता. क. – फोनवर मी तुला म्हणालो होतो, की जालना रोडवर मी एका हातानं गाडी चालवतो. ते तसं नाही. मला गाडी येत नाही. आधी गाडी घेऊ, शिकून काय लगेच होतं, असं मला वाटलं होतं. मोटर ड्रायव्हिंगच्या क्लासला सहा दिवस गेलो. सहाव्या दिवशी फाटकाजवळ एक टरबुजांचा गाडा होता. पुढचं गल्लीत कुणालाही विचार, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. ऊन, टँकर आणि चाकातली हवा हे सगळं मी आबांना सांगितलं, पण खरं कारण त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ नये.

आणखी ता. क. – मुख्य मजकूर राहिलाच. पाच तारखेच्या गुरुवारी काकासाहेब आले नाहीत. आबा पटका बांधून दोनपर्यंत ओट्यावर बसले होते. दुसऱ्या दिवशी सत्यम आला. काकासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन करायचं आहे, आणि गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी (याही बाईच) बजावलं आहे. दुसरी चावी त्यानं पाकिटात घालून, वर माझं नाव लिहून परत दिली. चांगला मुलगा आहे, त्याला आमची काळजी वाटली असणार. पण तेव्हापासून आबा पुन्हा विटा मोजतात, आणि काल बघितलं तर गाठोड्याची गाठ घट्ट आवळलेली होती. रामप्रसाद, तू तिकडं गाडी शिकलास. ईदच्या सुट्टीला पंधरा दिवस ये आणि मला गाडी शिकव. कुणाला कळू द्यायचं नाही, पहाटे फाटकापलीकडच्या मैदानात जाऊ. मला जालना रोड नको, पिशोर नको. बायपासच्या त्या तीन एकरांपर्यंत जाता आलं तरी पुरे. पाया दिवाळीत खणणार आहेत. तोवरचे गुरुवार आहेत.

ता. क. – काका, मी ज्ञानेश्वरी. पप्पांनी पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहायला दिलं, तर आबा म्हणाले आधी वाचून दाखव. सगळं वाचून दाखवलं. आता ते सांगतात तसं लिहिते, माझ्याकडे काही बोट दाखवू नका.

रामप्रसाद, तुला लई आशीर्वाद. तुझा दादा बोर्डामागं बसला व्हता ते मला तवाच कळलं. बुगडीनं मान वर करून तिकडं बघितलं, अन् ती परक्या मानसाकडं तशी बघत नाय. काकासायब म्हनले, बोलवा की त्याला. म्या म्हनलं, बसू द्या, पोरगं किती दिसांनी मेंढरं बघतंय. त्याला गाडी हाकता येत नाय हे मला घेतानाच म्हाईत व्हतं. म्हनून तर एक चावी हाकनाऱ्याकडं ठिवली. गाठोडं आवळलं ते जायासाठी नाय. त्यातली लोकर काढून घेतलीया, दोरी वळतोय. सत्यमनं चावी पाकिटात घालून आनली, अशी मोकळी नाय ठिवत. दोरी लावून ती काकासायबाला माघारी द्यायची हाय, डोळं बरं झालं तरी अन् नाय झालं तरी. तू ये अन् दादाला शिकव. काकासायब पुढं बसत्याल, म्या मागं कोकराजवळ. अन् तिकडं गाडी घेशील तवा एक चावी ज्याची त्याला देऊन ये.